हात आधी, मन मागून

शाळेतली मधली सुट्टी. खिचडीच्या रांगेत चौथीतला एक मुलगा मागून घुसतो. पुढच्याला कोपर लागतं, ताट निसटतं, खिचडी मातीत जाते. पुढचा रडायला लागतो. हा त्याच्याकडे बघतसुद्धा नाही, आपलं ताट पुढे करतो. बाई ओरडतात, "आधी सॉरी म्हण त्याला!" हा म्हणतो, "मी नाही पाडलं. तोच मधे आला." बाई दंड धरतात, हा हिसडा देऊन मैदानाकडे पळतो. दिंडोरी तालुक्यातली कुठलीही जिल्हा परिषदेची शाळा डोळ्यांसमोर आणा. नाशिक शहरातली भारी फीची इंग्रजी शाळा आणलीत तरी चालेल. गावात अशा पोराला वांड म्हणतात, शहरात हायपर म्हणतात. दोन्हीकडे शेवटी निकाल मात्र एकच लागतो: ह्याला कुणाची दयामायाच नाही.

हे प्रकरण त्या निकालाविरुद्ध लिहिलं आहे. अतिचंचलता आणि अवज्ञा या दोन विकारांची मुलं पाहणाऱ्या कुणालाही विचारा. दुपारी दुसऱ्याचं ताट पाडणारा हा मुलगा संध्याकाळी तापानं फणफणलेल्या आजीच्या उशाशी बसून तिचे पाय चेपत असतो. माया आहे. ती वेळेवर पोहोचत नाही, एवढंच. हात आधी जातो आणि मन मागून येतं. तेव्हा अशा मुलाला दुसऱ्याचं मन ओळखायला शिकवायचं, तर मनाच्या आणि हाताच्या मध्ये थोडी जागा तयार करावी लागते. ती जागा शब्दांनी फार कमी तयार होते.

आधी विकारांविषयी थोडं, कारण ही नावं आता सहज फेकली जातात. अतिचंचलता म्हणजे एडीएचडी. लक्ष न टिकणं, शरीर न थांबणं, विचार व्हायच्या आत कृती होऊन जाणं ही तिची लक्षणं. ती वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली असावी लागतात, किमान सहा महिने टिकलेली असावी लागतात आणि घर, शाळा अशा एकाहून जास्त ठिकाणी दिसावी लागतात. जगभरच्या पाहण्यांचा मेळ घातला तर शंभरातल्या साधारण पाच मुलांना ती असते. म्हणजे चाळीसच्या वर्गात दोघांना. अवज्ञेचा विकार म्हणजे ओडीडी. सतत चिडचिड, मोठ्यांशी वाद, मुद्दाम उलट वागणं, आपल्या चुकीचं खापर दुसऱ्यावर फोडणं, डूख धरणं. हेही सहा महिने आणि फक्त भावंडांशी नव्हे, बाहेरच्या कुणाशी तरी व्हावं लागतं. भावाबहिणींची भांडणं मोजली तर महाराष्ट्रातलं एकही मूल सुटायचं नाही. अतिचंचल मुलांपैकी पुष्कळांना, काही गटांत जवळजवळ निम्म्यांना, हा दुसरा विकारही जोडून येतो.

१९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञानं अशा मुलांवर व्याख्यानं दिली. वैद्यकाच्या इतिहासात ती या विकाराची पहिली नीट नोंद मानली जाते. मुलांच्या बुद्धीत खोट नाही हे त्यानं ओळखलं होतं, पण दोषाला नाव दिलं ते नैतिक नियंत्रणातला बिघाड असं. डॉक्टरालासुद्धा आधी नीतीच आठवली. सव्वाशे वर्षांनी आपल्या शिक्षक-खोलीत वेगळं काही बोललं जात नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं, कारण मधल्या काळात बरंच काही कळलेलं आहे. २००७ साली अमेरिकेत फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी शेकडो मुलांच्या मेंदूची चित्रं वर्षानुवर्षं घेऊन एक गोष्ट दाखवली. मेंदूचं बाहेरचं आवरण आपल्या कमाल जाडीला पोहोचण्याचं मधलं वय इतर मुलांत साडेसात होतं, तर अतिचंचल मुलांत साडेदहा. वाढीचा क्रम तोच, फक्त तीनेक वर्षं उशिरा. आणि सर्वांत जास्त उशीर पुढच्या भागात, जिथून आवर घातला जातो. नऊ वर्षांच्या मुलाकडून आपण नऊ वर्षांचा आवर मागतो. त्याच्याजवळ असतो सहा वर्षांचा.

आता खिचडीच्या रांगेकडे या दृष्टीनं बघू. दुसऱ्याचं दुःख कळायला आधी त्याच्या चेहऱ्यावर नजर थोडा वेळ ठरावी लागते. अतिचंचल मुलाची नजर ठरत नाही. रडणारा चेहरा त्याच्या डोळ्यांसमोरून इतर पन्नास गोष्टींसारखा निघून जातो. मग दिसलेल्याचा अर्थ लावावा लागतो. तिथं दुसरी अडचण येते. केनेथ डॉज यांनी १९८० साली दाखवलं की एखादी घटना चुकून घडली की मुद्दाम, हे स्पष्ट नसतं तेव्हा आक्रमक मुलगे ती मुद्दाम केली असंच धरून चालतात. धक्का लागला? त्यानं मारला. चेंडू अंगावर आला? माझ्यावरच फेकला. "तोच मधे आला" हे वाक्य बाईंना कांगावा वाटतं. मुलाला त्या क्षणी ते अगदी खरं वाटत असतं. त्यानंतर स्वतःची चीड बाजूला ठेवावी लागते, मागच्या वेळी काय झालं होतं ते आठवावं लागतं, आणि मग कृती निवडावी लागते. एवढ्या सगळ्या पायऱ्या आपण एका श्वासात चढतो. या मुलाची पहिल्याच पायरीला ठेच लागते आणि आपण त्याला शेवटच्या पायरीचा जाब विचारतो.

समजावून सांगण्याची आपल्याकडची परंपरा मोठी आहे. साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली ती नाशिकच्याच तुरुंगात, १९३३ साली. त्यातल्या 'मुकी फुले' या प्रकरणात, फुलण्याआधीच कळ्या तोडून आणणाऱ्या श्यामला आई कळ्यांच्या बाजूनं विचार करायला लावते. तुझ्या वागण्यानं दुसऱ्याला काय झालं, हे मुलासमोर मांडायचं आणि तिथं थांबायचं. पुढे १९६७ साली मार्टिन हॉफमन आणि हर्बर्ट साल्ट्झस्टाइन यांनी शिस्तीच्या पद्धती तपासल्या. धाक दाखवणं, माया काढून घेणं आणि दुसऱ्यावर झालेला परिणाम समजावणं या तिन्हींत दुसऱ्याची कदर करणारी मुलं तिसऱ्या पद्धतीशी जास्त जोडलेली दिसली. श्यामची आई बरोबर होती. पण श्याम ऐकून घेऊ शकत होता. वाक्य संपेपर्यंत आईच्या तोंडाकडे बघत राहणं त्याला जमत होतं, आणि रात्री अंथरुणात ते वाक्य पुन्हा आठवणंही. ज्या मुलाला वाक्याच्या मध्यावरच खिडकीबाहेरची पिकअप गाडी दिसते, त्याच्यापुढे तोच उपदेश दहा मिनिटं केला तर तो उपदेश राहत नाही. त्याच्या लेखी ती शिक्षा होते.

म्हणून या मुलांसाठी समजावणं आखूड करावं लागतं आणि घटनेच्या अगदी जवळ आणावं लागतं. रसेल बार्कली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा आग्रह असा, की मदत जिथं आणि जेव्हा अडतं तिथंच मिळाली पाहिजे. संध्याकाळी आईसमोरच्या सुनावणीचा उपयोग जवळपास शून्य. रांगेतच, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर खाली बसून, हळू आवाजात दोन वाक्यं: "त्याचं ताट पडलं. त्याला भूक लागली आहे." इथं थांबायचं. 'का केलंस' विचारायचं नाही, कारण त्याचं उत्तर त्याला खरंच माहीत नसतं, आणि माहीत नसलेल्या प्रश्नाला मूल खोटं उत्तर देतं. मग एक काम: "चल, दोघं मिळून दुसरं ताट आणू." ताट आणताना तो रडणाऱ्याच्या शेजारी उभा राहतो, त्याच्या हातात ताट देतो, समोरचा चेहरा निवळताना बघतो. वर्गात पाठ करून घेतलेल्या सॉरीतून यातलं काहीच मिळत नाही. जबरदस्तीच्या माफीतून मूल एकच गोष्ट शिकतं: हा शब्द टाकला की मोठी माणसं सोडून देतात. मोडलं ते जोडायला लावणं, सांडलं ते भरायला लावणं यात मात्र दुसऱ्याचं नुकसान हाताला लागतं.

पण हे सगळं करायला मोठ्या माणसाच्या अंगात त्राण हवं, आणि इथं दिंडोरीचं वेळापत्रक आडवं येतं.

एप्रिलमध्ये द्राक्षबागेची खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी, मग डिपिंग, विरळणी, आणि जानेवारीपासून काढणी. या महिन्यांत पेठ, सुरगाण्याकडच्या मजुरांच्या टोळ्या तालुक्यात येतात, गावातल्या बायकाही भल्या पहाटे बागेत जातात. दिवसभर मांडवाखाली मान वर करून मणी काढणारी आई घरी येते तेव्हा मानेपासून कंबरेपर्यंत ठणकत असते. ती म्हणते, "दप्तर काढ." पोरगं ऐकत नाही. ती पुन्हा म्हणते, आवाज चढवून. पोरगं किंचाळतं, दप्तराला लाथ मारतं. ती दमलेली असते, म्हणते, "मर तिकडं," आणि चुलीकडे वळते. पोरगं शिकलं: किंचाळलं की सुटका होते. दुसऱ्या दिवशी ती दोन धपाटे घालते आणि पोरगं मुकाट्यानं बसतं. आई शिकली: मारलं की ऐकतो. दोघंही एकमेकांना रोज थोडं थोडं वरच्या पट्टीत नेत राहतात. अमेरिकेत ओरेगनमध्ये जेराल्ड पॅटरसन यांनी वर्षानुवर्षं लोकांच्या घरात निरीक्षक बसवून हे चक्र नोंदवलं आणि १९८२ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांच्या नोंदींतली घरं वाईट नव्हती. थकलेली होती.

या चक्रात अडकलेल्या घरात दुसऱ्याचं मन ओळखायला शिकवणं अशक्यच, कारण तिथं प्रत्येक चेहरा मुलाला धोक्याचा दिसतो. म्हणून अवज्ञेवरच्या पालक-प्रशिक्षणाची सुरुवात मुलाला शिस्त लावण्यापासून होत नाही. १९६०च्या दशकात ओरेगनमध्येच कॉन्स्टन्स हॅन्फ यांनी जो दोन टप्प्यांचा क्रम बसवला, तो आजवर बहुतेक कार्यक्रमांनी पाळला आहे. पहिल्या टप्प्यात आईनं किंवा बापानं रोज थोडा वेळ मुलाजवळ बसायचं आणि मूल जे खेळेल ते खेळायचं. हुकूम नाही, प्रश्न नाहीत, सुधारणा नाही; फक्त जे चाललंय ते बोलायचं, "तू गाडी चढावर नेतोयस" एवढंच. मग दुसऱ्या टप्प्यात स्पष्ट, एकावेळी एकच सूचना आणि ती पाळली की लगेच, नेमकं कौतुक. दमलेल्या आईला एवढा वेळही जास्त वाटतो. दहा मिनिटं जमली तरी चालतं, बापानं केलं तर आणखी बरं, आजीनं केलं तरी काम होतं. आपल्याकडे हा वेळ म्हणजे लाड, असं घरातलं कुणीतरी म्हणणारच. म्हणू द्यावं. कुणीतरी आपल्याकडे नुसतं बघतंय, आपल्याला काय हवं ते ओळखतंय, हा अनुभव ज्याला रोज मिळतो तोच तो पुढे कुणाला देऊ शकतो. ज्याच्या वाट्याला दिवसभर फक्त "नको", "थांब", "गप" आलं, त्याच्याजवळ द्यायला काही साठलेलंच नसतं.

आता माझ्या मते या विषयातल्या सर्वांत उत्साह देणाऱ्या प्रयोगाकडे येतो. १९७३ साली मायकेल चँडलर या मानसशास्त्रज्ञानं अकरा ते तेरा वयाच्या, पोलिसांच्या दप्तरी वारंवार नाव आलेल्या मुलग्यांना निवडलं. ही मुलं दुसऱ्याच्या जागी उभं राहून बघण्यात आपल्या वयापेक्षा खूप मागे होती. एका गटाला त्यानं आठवड्यातून एकदा, असे दहा आठवडे, छोट्या नाटुकल्या रचायला लावल्या. विषय त्यांच्याच वयाच्या मुलांचे, पात्रं रोजची. अट एकच: प्रत्येक नाटुकलं इतक्यांदा करायचं की प्रत्येक मुलानं प्रत्येक भूमिका करून झाली पाहिजे. मारणारा, मार खाणारा, बघणारा, पोलीस, आई, सगळ्या. ते चित्रित व्हायचं आणि मग सगळे मिळून बघायचे. दुसऱ्या गटानंही चित्रपटच केले, पण वस्तीवरचे माहितीपट आणि कार्टून. स्वतःसारख्यांचं नाटक नाही. पहिल्या गटाची दुसऱ्याच्या जागेवरून बघण्याची क्षमता स्पष्ट वाढली, आणि दीड वर्षानंतर पाहिलं तेव्हा त्यांचे नोंदलेले गुन्हे आधीच्या जवळपास निम्म्यावर आलेले होते. त्या मुलांना कुणी दयेवर एक शब्द ऐकवला नव्हता.

हे वाचताना मला नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यातला बोहाडा आठवल्याशिवाय राहत नाही. पेठ-सुरगाण्यापासून जव्हार-मोखाड्यापर्यंत आदिवासी गावांत रात्र-रात्र चालणारा हा मुखवट्यांचा उत्सव. गणपती, देवी, राक्षस, एकेक सोंग मशालींच्या उजेडात संबळ-पिपाणीच्या तालावर नाचत पुढे येतं. लाकडाचा किंवा कागदाच्या लगद्याचा मुखवटा तोंडावर चढला की माणसाचा चेहरा जातो आणि सगळं शरीरानं सांगावं लागतं: राक्षसाची चाल, देवीचा आवेश. सोंग घेणाऱ्याला आपली पाळी येईपर्यंत वाट बघावी लागते. अंगात कितीही ताकद उसळत असली तरी तालाबाहेर जाता येत नाही. या भागातल्या शिक्षकांच्या हातात केवढं मोठं साधन आहे! बोहाड्याचा धार्मिक भाग बाजूला ठेवून, पुठ्ठ्याचे मुखवटे करून, वर्गातलंच भांडण सोंगांनी करायचं. धक्का देणाऱ्यानं ज्याचं ताट पडलं त्याचं सोंग घ्यायचं, आणि पुन्हा फिरवायचं. अतिचंचल मुलाला बसून विचार करायला सांगितलं की तो हरतो. उठून, नाचून, दुसरा होऊन विचार करायला सांगितलं की तो पुष्कळदा वर्गात पहिला असतो. एक काळजी मात्र घ्यायलाच हवी. त्या दिवशीचं ताजं भांडण त्याच दिवशी सोंगात आणायचं नाही, आणि वर्गासमोर कुणा एकाचं नाव घेऊन तर कधीच नाही. पात्रांना दुसरी नावं द्यायची. मुखवटा मुलाला लपायला जागा देतो, तीच काढून घेतली तर सोंगाची सुनावणी होते.

आणखी एक उदाहरण जवळच आहे, पण महाराष्ट्रातल्या शिक्षणाचा विचार करताना आपण कोसबाडच्या टेकडीकडे पुरेसं बघत नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि १९५७ साली अनुताई वाघांसह त्या डहाणूजवळच्या कोसबाडला आल्या. वारली मुलं शाळेत का येत नाहीत, याचं उत्तर त्यांना कडेवर सापडलं. मोठ्या बहिणीच्या कडेवर धाकटं भावंड असायचं. तिला शाळेत आणायचं तर त्यालाही आणावं लागणार. म्हणून त्यांच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळाच कुरणात गेली, तिचं नाव कुरणशाळा. कोसबाडचा हेतू मुलांना शाळेत आणण्याचा होता. पण त्यातून जे घडलं, तान्हं बाळ आणि शाळकरी मुलं एका छपराखाली, ते कॅनडात मेरी गॉर्डन यांनी १९९६ साली वेगळ्या हेतूनं मुद्दाम घडवून आणलं. टोरांटोच्या वर्गांत वर्षभर ठरावीक दिवशी शेजारपाजारचं एक तान्हं बाळ आईबापासह येतं, हिरव्या घोंगडीवर ठेवलं जातं, आणि मुलं त्याच्याभोवती बसून एकच काम करतात: बाळ आत्ता काय सांगतंय, ते ओळखायचं. का रडलं? भूक, झोप की भीती? बाळाजवळ शब्द नसतात, त्यामुळे चेहरा वाचण्यावाचून गत्यंतर नसतं. ते कुणावर डूखही धरत नाही, त्यामुळे "त्यानं मुद्दाम केलं" हा अर्थ लावायला वावच नाही. अशा वर्गांत आक्रमक वागणं कमी झाल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. हा उपक्रम साऱ्या वर्गासाठी आहे, विकार असलेल्या मुलांसाठी वेगळा बनवलेला नाही. मला त्यातली तीच गोष्ट आवडते. वांड मुलाला बाजूला काढून माणुसकीची शिकवणी लावली की उरलेला वर्ग त्याला आणखीच वांड ठरवतो.

दिंडोरीच्या बागांमध्ये, बांधावर झोळीत, थोरल्या बहिणीच्या कडेवर अशी बाळं रोज असतात. म्हणून कुणी म्हणेल, आमच्याकडे हे शिक्षण आपसूक होतंच. नाही होत. दहा वर्षांच्या पोरीवर दिवसभर बाळ टाकलं की ते काम होतं, आणि कामात चेहरा वाचायला उसंत नसते. अतिचंचल मुलावर तर बाळाची जबाबदारी एकट्यानं कधीच टाकू नये. त्याचं लक्ष एका क्षणात उडतं आणि दोष आयुष्यभर त्याला चिकटतो. मोठं माणूस शेजारी हवं, वेळ थोडा हवा, आणि काम फक्त ओळखण्याचं हवं.

हाताला हळू व्हायला शिकवणारी दुसरीही कामं घराच्या आसपास असतात. काढणीच्या दिवसांत बागेत उभं राहून बघा. तयार घड कुणीही मुठीत धरत नाही. मण्यांवर पांढुरकी झाक असते, बोट लागलं की ती पुसली जाते, आणि पुसलेला घड निर्यातीच्या पेटीतून बाहेर पडतो. म्हणून देठ दोन बोटांत धरायचा, कात्री देठाला लावायची, घड तसाच लोंबता ठेवून क्रेटमध्ये अलगद टेकवायचा. जे पोरगं धावत जाऊन सगळं ओरबाडतं, त्याला घरच्या बागेतले चार-पाच घड आजोबांच्या बरोबर असे काढायला लावले, तर त्याच्या हाताला कळतं की काही गोष्टींना जवळ जाण्याआधी थांबावं लागतं. याला मजुरी करू नका, आणि फवारणी झालेल्या बागेत लेकरू नेऊ नका. घरी करडू असेल तर आणखी चांगलं. करडू घाबरलं की पळतं आणि शांत बसलं की जवळ येतं. त्याचा निवाडा तिथल्या तिथं होतो, कुणी ओरडत नाही.

सगळी मुलं अशी नसतात, हेही स्पष्ट सांगायला हवं. थोडी मुलं अशी असतात की ज्यांना मागूनही वाईट वाटत नाही, दुसऱ्याच्या भीतीनं किंवा रडण्यानं ज्यांच्यात काही हलत नाही. त्यांच्यासाठी शिक्षा सर्वांत निरुपयोगी ठरते. २००५ साली ऑस्ट्रेलियात डेव्हिड हॉज आणि मार्क डॅड्स यांनी पालक-प्रशिक्षणातून गेलेल्या लहान मुलग्यांत पाहिलं की चांगल्या वागण्याला दाद देण्याचा उपयोग अशा मुलांनाही होतो, पण बाजूला बसवण्याच्या शिक्षेचा त्यांच्यावर फार कमी परिणाम होतो. मारानं तर नक्कीच काही साधत नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या १७व्या कलमानं शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे, हे २००९ पासून पुस्तकात आहे. अशा मुलासाठी बालमानसोपचारतज्ज्ञ लवकर गाठावा, घरगुती प्रयोगांत वर्षं घालवू नयेत.

शिक्का मारण्याची घाई मात्र नको. पश्चिमेकडच्या पाड्यावरून आलेलं, घरी कोकणा बोली बोलणारं मूल शिक्षकांची प्रमाण मराठीतली सूचना पाळत नाही, तेव्हा ते अवज्ञा करत असेलच असं नाही. त्याला ती कळलेली नसू शकते. कान वाहणाऱ्या मुलाला ऐकूच येत नाही. रक्त कमी असलेलं, उपाशी किंवा अपुऱ्या झोपेचं मूल चिडतं आणि भरकटतं. हंगामाबरोबर दरवर्षी दोन शाळा बदलणारं मूल कुठल्याच वर्गाचं होत नाही. घरात रोज मारहाण बघणारं मूल सतत सावध असतं, ते चंचल दिसतं. हे सगळं तपासून मगच विकाराचं नाव घ्यावं. उलट बाजूनं, खिडकीबाहेर बघत शांत बसणारी, काहीच न मोडणारी मुलगी वर्षानुवर्षं कुणाच्या नजरेला पडत नाही, आणि तिलाही हाच विकार असू शकतो.

तपासणीचा रस्ता सरकारी यंत्रणेत आहे, फक्त तो पालकांना ठाऊक नसतो. फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याची फिरती पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा येतात. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या ज्या तीस आजारांची आणि दोषांची ती पाहणी करतात, त्यांत अतिचंचलताही आहे. पथक येतं तेव्हा उंची-वजनाच्या गडबडीत हे मूल "ठीक" म्हणून निघून जातं, कारण पाच मिनिटं तर कुणीही बसतं. त्यामुळे बाईंनी आधीपासून एका वहीत नोंद ठेवावी: काय झालं, त्याआधी काय चाललं होतं, नंतर मुलानं काय केलं. अशी चार पानं डॉक्टरांच्या हातात पडली तर पुढची चिठ्ठी जिल्ह्याच्या केंद्रापर्यंत जाते. रात्री-अपरात्री घरात आकांत झाला आणि कुणाशी बोलावं ते सुचेना, तर १४४१६ हा टेली-मानसचा मोफत क्रमांक २०२२ पासून चालू आहे.

औषधाविषयी पालक घाबरत विचारतात. मिथाइलफेनिडेट हे उत्तेजक औषध अतिचंचलतेत पुष्कळांना उपयोगी पडतं, ते तज्ज्ञाच्या चिठ्ठीवरच मिळतं, आणि सहा वर्षांखालच्या मुलात आधी पालक-प्रशिक्षण हा आता मान्य क्रम आहे. औषधानं मूल काही काळ थांबू शकतं. त्या थांबलेल्या वेळात कुणीतरी शेजारी बसून समोरचा चेहरा दाखवावा लागतो. गोळी ते करत नाही.

सुधारणा कशी ओळखायची, हा शेवटचा प्रश्न, आणि इथंच बहुतेक घरं निराश होतात. ती मारामाऱ्या मोजत बसतात, आणि मारामाऱ्या सुरुवातीला कमी होत नाहीत. आधी बदलतो तो ढकलण्याच्या आणि वाईट वाटण्याच्या मधला काळ. पहिल्यांदा मूल दुसऱ्या दिवशी सकाळी, पांघरुणातूनच, "काल त्याला लागलं का गं?" असं विचारतं. काही आठवड्यांनी तेच संध्याकाळी, जेवताना विचारतं. मग शाळा सुटल्यावर वाटेतच. मग कधीतरी शिक्षक सांगतात की ढकललं, आणि दोन मिनिटांनी स्वतःच परत येऊन पडलेल्याला उठवलं. त्यानंतर कधीतरी हात उचललेला असतो आणि तसाच अधांतरी राहतो. वहीत तारीख घालून हेच लिहावं, कारण मधल्या एखाद्या वाईट आठवड्यात, ताप असेल, पाहुणे असतील, काढणीची धावपळ असेल, तेव्हा सगळं पुन्हा पहिल्यासारखं दिसतं आणि घरातलं कुणीतरी जुनंच वाक्य म्हणायला तोंड उघडतं. तेव्हा ती वही काढून मागची पानं त्या माणसाला वाचायला द्यावीत.